फळ्यावरचं 'डमकाऊ'

शाळेच्या फाटकावर इंग्रजीत एक पाटी होती. ती नीट वाचली तर अर्थ असा निघायचा, की इथे वाहनं लावायला सक्त परवानगी आहे. 'नॉट' हा शब्द रंगाऱ्याच्या हातून गळाला होता. कोकिळा मॅडम येता-जाता ते सांगून थकल्या. संचालक धर्मेंद्रजी दर वेळी म्हणायचे, "हां मॅडम, करवाते हैं," आणि पाटी होती तशीच राहायची. वर पालकही तिचा अर्थ बरोबर लावायचे आणि गाड्या रस्त्यापलीकडे उभ्या करायचे. चुकीचं वाचूनही माणसं बरोबर वागतात म्हटल्यावर चूक सुधारायची कुणाला पडलीय? या विचाराने मॅडमच्या कपाळावर सकाळी ज्या आठ्या पडायच्या त्या शाळा सुटेपर्यंत मुक्कामाला असायच्या.

मुलांनी त्यांचं नाव 'उफ् मॅडम' ठेवलं होतं. उत्तर चुकलं की उफ्, खडू मोडला की उफ्, स्टाफरूममधला चहा गार निघाला की उफ्. आईबापांनी नाव कोकिळा ठेवलेलं, पण इतकी वर्षं वर्गात ओरडून आवाज पार घोगरा झालेला. त्यावरही मुलं हसायची. मॅडमना ते माहीत होतं, आणि त्याचाही त्यांना राग होता.

त्या मूळच्या बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरच्या. वडील, भिकन पाटील, केळीचे शेतकरी. घरात गावची बोली, बाजारात हिंदी, आणि इंग्रजी कुठे, तर फवारणीच्या औषधांच्या डब्यांवर. डब्यावर बारीक अक्षरांत पुष्कळ काही छापलेलं असायचं, आणि शाळेत जाणाऱ्या पोरीला ते आलंच पाहिजे असं वडिलांना वाटायचं. "वाच वं कोके, काय सांगू राह्यला हा डबा?" कोकी अडखळत वाचायची. शेक. मिक्स. स्प्रे. अव्हॉइड. अर्थ कळला नाही की वडील चिडायचे, आणि वडील चिडले की ती दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारून यायची. पुढे बुऱ्हाणपूरच्या कॉलेजातून इंग्रजीत एमए केलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपलं पहिलं इंग्रजी सगळं हुकमाचं. त्यात कर्ता नाही की काळ नाही. नुसती क्रियापदं, आणि तीही आज्ञार्थी. पण क्रियापदांची गोडी लागली ती तिथेच. नाम म्हणजे नुसती वस्तू, कुठेतरी पडून असते. क्रियापद आलं की वाक्य चालायला लागतं, असं त्या वर्गात सांगायच्या. वर्ग तेव्हा खिडकीबाहेर बघत असायचा.

लग्न होऊन त्या बुऱ्हाणपुरातल्याच शनवाऱ्यात आल्या. नवरा सुधाकर तहसील कचेरीत कारकून. माणूस इतका जपून वागणारा, की घरातसुद्धा आवाज खाली ठेवून बोलायचा. मुलगी शिकून इंदूरला नोकरीला गेली. मॅडम मात्र त्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत राहिल्या. शाळेचे संचालक बदलले, गणवेशाचा रंग बदलला. मॅडम आणि त्यांच्या आठ्या कायम होत्या.

धर्मेंद्रजी तसे माणूस वाईट नव्हते. केळीच्या वेफर्सचा कारखाना चालवता चालवता त्यांनी शाळा घेतली होती, आणि दोन्हींकडे त्यांचा हिशेब एकच: आत काय आहे ते नंतर, आधी पाकीट चकचकीत हवं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते इंदूरहून कुठलंसं भाषण ऐकून आले आणि मॅडमना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, इंग्लिश मतलब वर्ब. वर्ब आ गई तो सब आ गया." फाटकातून आत आल्यावर समोरच एक मोठा हिरवा फळा लावायचा. त्यावर रोज एक क्रियापद, त्याचा अर्थ आणि त्याचा उगम. लिहिणार अर्थातच मॅडम.

"सर, सोपी क्रियापदंच मुलांना येत नाहीत. 'गो'चं 'वेन्ट' होतं हे मी नववीत सांगते आहे."

"नहीं नहीं, ऐसी वर्ब चाहिए जो पेरेंट को भी ना आती हो. पेरेंट को लगना चाहिए, की हां, कुछ पढ़ा रहे हैं."

मॅडमनी उफ् म्हटलं आणि कामाला लागल्या. खोटं कशाला बोला, मनातून त्यांना बरंही वाटलं होतं. इतक्या वर्षांत शब्दाचा उगम त्यांना कुणी विचारला नव्हता. रात्रीची भांडी आवरली की त्या मोबाइल घेऊन बसायच्या आणि शब्द शोधायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'डिफेनेस्ट्रेट' लिहिलं. लॅटिनमध्ये 'फेनेस्त्रा' म्हणजे खिडकी. अर्थ, खिडकीतून बाहेर फेकणे. मधल्या सुट्टीत सातवीच्या पोरांनी एकाचा डबा वरच्या मजल्याच्या खिडकीतून डिफेनेस्ट्रेट केला. त्यातले पोहे नेमके धर्मेंद्रजींच्या गाडीच्या काचेवर पडले.

"मॅडम," ते हात जोडून म्हणाले, "ऐसी वर्ब मत लिखिए जो बच्चे करके देख सकें."

आता करून बघता येणार नाही असं क्रियापद आणायचं कुठून? करता येतं म्हणून तर त्याला क्रियापद म्हणतात. हे धर्मेंद्रजींना समजावायचा मॅडमनी प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

रविवारी दुपारी त्या शोधत बसल्या होत्या. हिंदुस्थानात राहिलेले इंग्रज आपसांत जे शब्द वापरायचे त्यांचा एक फार जुना कोश इंटरनेटवर सापडला. पानं चाळता चाळता 'डी'मध्ये एक शब्द दिसला: डी, यू, एम, बी, सी, ओ, डब्ल्यू. डमकाऊ. क्रियापद. अर्थ, दरडावून गप्प करणे, दबकावणे. उगम वाचला आणि त्या ताठ झाल्या.

कोशकारांचं म्हणणं असं, की हिंदीत 'दम खाना' म्हणजे श्वास गिळून गप्प राहणं. त्यातला 'दम खाओ' एवढा तुकडा साहेबलोकांनी उचलला आणि त्याचं इंग्रजी क्रियापद करून टाकलं. मूळ अर्थ स्वतः गप्प राहण्याचा. तो उलटून झाला दुसऱ्याला गप्प करण्याचा. त्याखाली चौकटी कंसात नंतरच्या संपादकाने लिहिलं होतं, की हा शब्द 'धमकाना'वरून आला असण्याचा संभव जास्त. आणि स्पेलिंग असं का? तर इंग्रजी कानाला त्यात आपलेच दोन शब्द ऐकू आले. एक 'डम', म्हणजे मुका. दुसरा 'काऊ', पण हा काऊ म्हणजे गाय नव्हे. इंग्रजीत 'काऊ' नावाचं एक निराळं क्रियापद आहे. भीती घालून नमवणे असा त्याचा अर्थ, आणि गाईशी त्याचा काही संबंध नाही.

अशी आणखी भावंडंही त्या कोशात निघाली. 'पकडाओ'वरून पकराऊ, 'घबराओ'वरून गबराऊ, 'फुसलाओ'वरून फूझिलाऊ. सगळे आज्ञार्थ. मॅडमना हसू आलं. साहेबाला आपली क्रियापदं आज्ञार्थातच ठाऊक, कारण तो तोंड उघडायचा ते हुकूम द्यायला. थेट औषधाच्या डब्यासारखा.

"अहो, ऐकलं का? साहेब 'धमकाओ'चं इंग्रजी करून मोकळा झाला होता!"

सुधाकर पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "हळू. खालच्यांची मुलं झोपलीत."

ऐकायला कुणी नव्हतं, तरी मॅडम खुशीत होत्या. या एकाच घरातल्या क्रियापदांचा अख्खा आठवडा करायचा त्यांनी ठरवलं. दम खाना की धमकाना, हा वाद त्या रात्री स्वयंपाक करता करता त्यांनी स्वतःशीच घातला. मराठीतही दम द्यायचा तो आपण, खायचा तोही आपण, भरायचा तोही आपण. एका इवल्या शब्दाकडून किती कामं करून घ्यायची!

सोमवारी लवकर जाऊन त्यांनी फळा लिहिला. वर मोठ्या अक्षरांत शब्द, खाली इंग्रजीत अर्थ, त्याखाली उगमाच्या दोन्ही कथा, आणि देवनागरीत 'दम खाना' आणि 'धमकाना'. स्वतःचंच अक्षर जरा लांबून बघितलं आणि त्या प्रार्थनेला गेल्या.

प्रार्थना चालू असताना शिपाई कडू एक फ्लेक्स घेऊन आला. शाळेत कराटेचे वर्ग सुरू होणार होते, त्याची जाहिरात. फाटकासमोर बांध, असा धर्मेंद्रजींचा हुकूम. कडूने फळ्याच्या चौकटीला सुतळी घातली आणि फ्लेक्स ताणून बांधला. पांढऱ्या कपड्यातलं एक पोरगं लाथ उगारून उभं राहिलं आणि त्या लाथेमागे अर्थ, उगम, दम खाना, धमकाना सगळं झाकलं गेलं. वर उरला नुसता शब्द.

कुणा पालकाने कराटेच्या वेळा कळाव्यात म्हणून फोटो काढला आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कराटेचं कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "ये ऊपर क्या लिखा है?" दुसऱ्याने लिहिलं, "डंब काऊ. मूर्ख गाय." तिसऱ्याने लिहिलं, "फीस लेकर बच्चों को गाय का अपमान सिखा रहे हैं." दुसरी तासिका संपेपर्यंत तो फोटो शाळेच्या ग्रुपमधून निघून गावभर झाला होता.

मॅडम सातवीवर होत्या. कडू बोलवायला आला. केबिनमध्ये दोन पालक, घामाघूम धर्मेंद्रजी, आणि गोसेवा मंडळाची तीन तरुण मुलं. त्यांतला पुढचा प्रशांत. त्याचं शनवाऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तो मॅडमचाच विद्यार्थी. पोरगा मनाने चांगला होता. मध्यंतरी मॅडमच्या गल्लीत टेम्पोने उडवलेलं वासरू त्यानेच उचलून गुरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, मांडीवर घेऊन.

"मॅडम, हे काय लिहिलं तुम्ही?" प्रशांतने फोटो पुढे केला.

"क्रियापद."

"गाय क्रियापद आहे?"

"गाय नाही रे ती! हा एक अख्खा शब्द आहे. मध्ये जागा दिसते का तुला?"

"जागा नसेल. पण डंब मतलब गूंगा, काऊ मतलब गाय. इतनी इंग्लिश तर आपल्यालाही येते मॅडम. तुम्हीच शिकवली."

मॅडमनी उफ् गिळला. "प्रशांत, नीट ऐक. इथे काऊ म्हणजे गाय नाही. टू काऊ असं वेगळं क्रियापद आहे. म्हणजे दबवणे."

"गाईला दबवायचं?" मागचा एक जण म्हणाला.

"गाईला नाही! कुणालाही!"

"कुणालाही मतलब गाईलाही?"

एक पालक म्हणाले, "माझ्या मुलीने घरी विचारलं तर मी काय सांगू?" दुसरे म्हणाले, "आजकल के टीचर." धर्मेंद्रजी म्हणाले, "शांती से, शांती से," आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. सगळे एकदम बोलायला लागले. मॅडम 'दम खाना' म्हणून सुरुवात करायच्या आणि दुसऱ्या शब्दाला कुणीतरी तोडायचं. एकदा, दोनदा, तीनदा. मग इतकी वर्षं वर्गात कमावलेला तो घोगरा आवाज आपोआप बाहेर पडला.

"गप्प! सगळे गप्प! बोट तोंडावर!"

केबिन चिडीचूप झाली. एका पालकाचं बोट खरंच ओठांवर गेलं आणि मग ओशाळून मिशीवर फिरलं.

ती शांतता मॅडमनी वापरायला हवी होती. पण स्वतःच्या आवाजाने त्या स्वतःच दचकल्या होत्या, आणि तेवढ्यात धर्मेंद्रजींना तोडगा सुचला. "देखो, सीधी बात है. मॅडम को 'डिस्कव्हर' लिखना था. कडू से लिखवाया, उसने स्पेलिंग गलत कर दी. दोनों डी से हैं. माफी लिख देते हैं, बात खत्म."

कडू दारातच चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याने एकदा धर्मेंद्रजींकडे बघितलं, एकदा मॅडमकडे, आणि चहा आत न्यावा की परत न्यावा ते त्याला कळेना.

"कडूने खडूला हात लावला नाही," मॅडम म्हणाल्या. "लिहिलं मी आहे, आणि बरोबर लिहिलं आहे. चला सगळे बाहेर. फ्लेक्स वर करा आणि खालचं वाचा. हिंदीत लिहिलं आहे, तुम्हाला येईल."

वरात बाहेर निघाली. प्रशांतने फ्लेक्स उचलला. मागचा फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेला होता. पाण्याचे ओघळ अजून खाली येत होते.

"कुणी पुसलं?"

"मैंने ही बोला था," धर्मेंद्रजी म्हणाले. "मामला ठंडा हो इसलिए."

म्हणजे आता शब्द सगळ्या गावाच्या खिशात होता आणि त्याचा अर्थ कुठेच नव्हता. मॅडमना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना नुसती चीड आली, आणि ती नक्की कुणावर काढायची ते ठरेना.

"आप दो-चार दिन आराम कीजिए," धर्मेंद्रजी म्हणाले.

घरी सुधाकरला आधीच कळलं होतं. कचेरीत कुणीतरी फोटो दाखवला होता. "तुला काय गरज होती?" तो म्हणाला. "'ईट' लिहायचं, 'ड्रिंक' लिहायचं. दोन ओळी माफी लिहून टाक ना."

"चूक काय केली मी?"

"चूक कुठे म्हणतोय? माफी म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी त्या बहादरपूरला आईकडे निघून गेल्या. आई, रंभाबाई, ओट्यावर तूर निवडत बसली होती. मॅडम शेजारी टेकल्या आणि सगळं सांगितलं. दावणीची गाय मान लांबवून त्यांच्या पदराचं टोक चघळायला लागली.

"तुझ्यापायी चाललंय हे सगळं," मॅडमनी पदर ओढून घेतला.

रंभाबाईने विचारलं, "गाईले तू काही म्हनली का?"

"नाही."

"कोनी दुसरं म्हनलं का?"

"नाही गं आई."

"मंग भांडन कायचं?"

"तेच तर!"

"मंग दम खाय थोडा. वरण ठिवलंय, जेवून घे."

मॅडम एकदम तिच्याकडे वळल्या. "काय म्हणालीस? दम खा म्हणालीस?"

"म्या काय वाईट म्हनलं वं?" रंभाबाई घाबरली. आपल्या तोंडूनही काही भलतं गेलं की काय, असं तिला वाटलं.

वाईट काहीच नव्हतं. पण आई 'गप्प बस' म्हणाली नव्हती, 'थांब' म्हणाली होती. आपल्याकडे दम खाणं म्हणजे धीर धरणं. त्यात तोंड बंद करायचा संबंध कुठे? मग त्या जुन्या कोशकाराने ऐकलेला दम कुठला? हिंदीत गप्प बसण्याचा असेलही. की तो संपादकच खरा, आणि हा सगळा धमकावण्याचाच मामला? मॅडमना हे कुणालातरी सांगायची इतकी घाई झाली, की त्यांनी मोबाइल हातात घेतला. नावं खाली-वर फिरवली. सांगण्यासारखं एकही नाव नव्हतं. मोबाइल ठेवून त्या वरण-भात जेवल्या, आणि आईने तिखट कमी घातलं म्हणून तिच्यावरच कुरकुरल्या.

शनवाऱ्याला परतल्या त्याच संध्याकाळी दार वाजलं. प्रशांत. हातात कागद. आत आला, सवयीने वाकून नमस्कार केला आणि मग आपण कशाला आलोय ते आठवून अवघडून उभा राहिला.

"मॅडम, नाराज नका होऊ. एक काम होतं."

"बोल."

"निवेदन द्यायचंय. वरपर्यंत पाठवायचंय, मतलब भोपाळ. मागे गाईंच्या पाण्याच्या हौदासाठी हिंदीत दिलं होतं, तर कुणी वाचलंच नाही. म्हणून मंडळ म्हणतंय इंग्लिशमध्ये देऊ. मोबाइलने करून घेतलं. पण बरोबर आहे का नाही..."

"कशाबद्दल आहे?"

प्रशांतने खाली बघितलं. "तुमच्याबद्दलच आहे."

"माझ्याविरुद्धची तक्रार मीच तपासून देऊ?"

"दुसरं कोण आहे मॅडम? आणि चुकलं तर वरचे हसतील. तुमचंच नाव जाईल. मी तुमचाच विद्यार्थी ना."

मॅडमनी कागद घेतला तो त्याच्या तोंडावर परत फेकायला. पण पहिली ओळ वाचली गेली आणि हात थांबला. मोबाइलने मंडळाचे गोसेवक गाईंचे नोकर करून टाकले होते. 'उग्र आंदोलन करू' याचं जे झालं होतं, त्याचा परत मराठीत अर्थ केला तर 'आम्ही रागीट हालचाल करू' असा व्हायचा. हे असं कुणाच्याही हातात पडणं मॅडमना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी लाल पेन काढलं.

सुधाकर आतून डोकावला, लाल पेन बघितलं, निवेदन बघितलं, आणि परत आत गेला.

एकेक ओळ करत दोघं कागदाच्या तळापर्यंत आले. मॅडम खोडत होत्या, प्रशांत मान डोलवत होता. शेवटून दुसरं वाक्य होतं, की मॅडमनी कार्यकर्त्यांना धमकावलं. मोबाइलने तिथे 'थ्रेटन' घातलं होतं.

"हे थ्रेटन म्हणजे जान से मारायची धमकी ना?" प्रशांतने विचारलं.

"तशीही असू शकते."

"तसं नको मॅडम. तसं तुम्ही नाही केलं. तुम्ही फक्त ओरडून सगळ्यांना चूप बसवलं. त्याला काय म्हणतात?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसायचं होतं, पण चेहऱ्याला त्याची सवय राहिली नव्हती. शेवटी म्हणाल्या, "डमकाऊ."

प्रशांतला वाटलं, मॅडम परत चिडल्या. मग त्यांनी मोबाइलवर ते पान काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत वाचलं. 'दम खाना'पाशी अडला. पुढे गेला. 'धमकाना'पाशी आला तेव्हा मोठ्याने म्हणाला, "अरे, हे तर आपलंच आहे!"

"सोमवारी हेच सांगत होते मी. एक वाक्य पुरं करू दिलं असतं तर."

"मग गाय कुठे आहे यात?"

"गाय नव्हतीच."

प्रशांतने मोबाइल परत दिला आणि डोकं खाजवलं. आता चिडायची पाळी त्याची होती. "किती लोकांनी फॉरवर्ड केलंय मॅडम! दीदीच्या सासरपर्यंत गेलं. आता मंडळाला काय सांगू मी?"

"हेच सांग. वाचून दाखव."

"कोण ऐकणार मॅडम?"

"ते मला विचारू नकोस," मॅडम म्हणाल्या, आणि या वेळी खरंच हसल्या. प्रशांतही हसला, पण त्याच्या हसण्यात काळजी होती. लाल रेघांनी भरलेला कागद त्याने घडी करून खिशात घातला. दारापर्यंत जाऊन परत वळला. "ते हौदाचं तरी इंग्लिशमध्ये करून द्याल?" मॅडमनी ते त्याच बैठकीत लिहून दिलं, एकही लाल रेघ न मारता.

मॅडमबद्दलचं निवेदन गेलंच नाही. प्रशांतने ग्रुपवर लांबलचक खुलासा टाकला, 'दम खाना' आणि 'धमकाना' दोन्हींसकट. तो कुणी वाचला नाही. ग्रुपवर तोवर कराटेचा पोशाख शाळेतूनच घ्यायचा का बाहेरून, यावर कडाक्याचं भांडण लागलं होतं. हौदाचं काय झालं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मॅडम शाळेत परतल्या तेव्हा त्यांना कळलं, की धर्मेंद्रजींनी त्यांच्या गैरहजेरीत माफी देऊन टाकली होती. कडूचं नाव नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. 'छपाईची चूक' असं लिहिलं होतं. खडूने लिहिलेल्या फळ्यावर छपाईची चूक! मॅडम तणतणत केबिनपर्यंत गेल्या. धर्मेंद्रजी प्रसन्न हसले. "देखा मॅडम? सब ठंडा हो गया." त्या तशाच मागे फिरल्या. फळ्यावर आता मुलांच्या वाढदिवसांची नावं लिहितात. ते काम दुसऱ्या बाईंकडे आहे.

पकराऊ, गबराऊ, फूझिलाऊ यांचा आठवडा तर वाया गेलाच. एक दिवस नववीला व्याकरण शिकवताना तासाची थोडी मिनिटं उरली. मॅडमना राहवलं नाही. दार ओढून घेऊन त्यांनी सगळं सांगितलं: साहेब, त्याचे हुकूम, हिंदीची झालेली इंग्रजी. वर्ग पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत नव्हता. मागच्या बाकावर एकाने दुसऱ्याला "मला गबराऊ नको करू" म्हटलं, आणि मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हिमानी नावाच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, डमकाऊचं पास्ट टेन्स काय?"

इतक्या लोकांनी त्या शब्दावरून इतकं रान उठवलं, पण हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. त्यांनी वळून फळ्यावर ठळक अक्षरांत भूतकाळाचं रूप लिहिलं, शेवटी ई-डी लावून.

"परीक्षेला येईल का?" कुणीतरी विचारलं.

"नाही येणार."

अर्ध्या वर्गाने वह्या मिटल्या. हिमानीने मात्र लिहून घेतलं, आणि लिहिताना मधला बी गाळला. मॅडम तिच्या बाकापाशी गेल्या, आणि तो कुठे यायचा ते त्यांनी बोटाने दाखवलं.